चुकीला शाळेत जाऊ द्या!

"अजून आमचं गणित राहिलंय हो!" असे एखादी बाई जिन्यात भेटली असता म्हणाली, तर ती या वयात कुठल्या परीक्षेला बसली आहे अशी शंका घेण्याचे कारण नाही. परीक्षेला तिचा मुलगा बसायचा आहे. तो सातवीत आहे, आणि या क्षणी खाली अंगणात किल्ल्याला माती लिंपतो आहे. गणित त्याचे, वही त्याची, शाळाही त्याचीच. पण बोलताना शब्द येतो तो "आमचं". "आमचे अपूर्णांक झाले", "आम्हाला उद्या लसावि-मसावि आहे", "आमची वही कालच तपासून आली". मराठी व्याकरणात आदरार्थी बहुवचन सांगितले आहे. हे नवे बहुवचन मात्र कुठल्याच व्याकरणात सापडणार नाही. त्याला गृहपाठार्थी बहुवचन म्हणावे.

या बहुवचनात अलीकडे वडीलही दाखल झाले आहेत, आणि जिथे आईवडील दोघेही कामावरून उशिरा येतात तिथे आजोबाही. पूर्वी ते ऐकून मला हसू येई. आता येत नाही. आपल्या मुलांच्या गणिताचे जे काही बिघडले आहे, त्यातले बरेचसे या एका शब्दात साठलेले आहे, असे माझे मत झाले आहे. आणि दिवाळीच्या फराळात गोडाबरोबर थोडे तिखटही चालते, म्हणून ते इथे मांडतो.

संध्याकाळची वेळ. कढईत चकली सोडलेली असते आणि ओट्यावरचा फोन वाजतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर बाईंचा निरोप आलेला असतो: आज अमुक धडा झाला, सरावसंचातील पहिली बारा उदाहरणे घरी करायची, वहीच्या पानांचे फोटो रात्री नऊपर्यंत पाठवायचे, पालकांनी लक्ष द्यावे. निरोपाखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. मग एक पालक विचारतात, "चौथ्याचे उत्तर वजा येते की अधिक?" दुसरे उत्तर सांगतात. तिसरे त्यांना दुरुस्त करतात. साडेआठच्या सुमारास कोणी एक उत्साही गृहस्थ बाराही उदाहरणे स्वतः सोडवून त्या पानाचा फोटोच टाकून देतात, आणि नऊच्या ठोक्याला चाळीस वह्यांत तीच ती बारा उत्तरे उतरलेली असतात. सगळ्यांचे गणित झाले! ज्याचे व्हायचे होते त्याचे झाले की नाही, एवढे विचारायचे मात्र राहून गेले.

मी गृहपाठाच्याच विरुद्ध आहे असे कोणी समजू नये. गणित हा वाचून येण्याचा विषय नाही. पोहण्यासारखा तो करूनच येतो. मुलाने घरी बसून, एकट्याने, दोन-चार उदाहरणांशी झटापट करावी, हे मला मान्यच आहे. माझे भांडण निराळे आहे. गृहपाठ कशासाठी असतो, याचाच आपल्याला विसर पडला आहे. बरोबर उत्तरे शाळेत पोचवण्यासाठी तो नसतो. ती तर पुस्तकाच्या शेवटी छापलेलीच असतात. मुलाचे कुठे काय अडले आहे, ते शिक्षकापर्यंत पोचावे म्हणून तो असतो. म्हणजे गृहपाठाच्या वहीत सर्वांत मोलाची वस्तू कोणती असेल, तर ती मुलाची चूक. आणि आपण सारे मिळून, रोज रात्री नऊच्या आत, नेमकी तीच पुसून टाकतो.

चूक म्हणजे आळस किंवा धांदरटपणा अशी आपली समजूत असते, म्हणून हे थोडे उदाहरणांनीच सांगितले पाहिजे. सहावी-सातवीतल्या मुलांना १/२ आणि १/३ यांची बेरीज करायला सांगा. वरच्यात वरचा आणि खालच्यात खालचा अंक मिळवून २/५ असे उत्तर लिहिणारी मुले दर वर्गात निघतात. घरी आई ते पाहते, कपाळाला हात लावते, खोडरबर फिरवते आणि म्हणते, "आधी छेद सारखे कर! सहा घे. तीन आणि दोन पाच. लिही पाच षष्ठांश." उत्तर बरोबर झाले. पण मुलाने दोन पंचमांश का लिहिले, हे कोणी विचारले नाही. विचारले असते, तर तो कदाचित म्हणाला असता, "पहिल्या डावात दोन चेंडू खेळलो, एकावर चौकार मारला. दुसऱ्या डावात तीन खेळलो, एकावर मारला. पाच चेंडूंत दोन चौकार झाले की!" आणि क्रिकेटपुरते त्याचे हे म्हणणे अगदी खरे आहे. त्याला बेरीज येत नाही असे नव्हे. अपूर्णांकांची बेरीज म्हणजे एकाच भाकरीचे वाटे एकत्र करणे, हे त्याला उमगलेले नाही. अर्धी भाकरी खाल्ली आणि वर आणखी तिसरा हिस्सा खाल्ला, तर पोटात अर्धीपेक्षा जास्त गेली पाहिजे; आणि दोन पंचमांश तर अर्ध्याहूनही कमी! एवढे एक वाक्य वर्गात फळ्यासमोर बोलले गेले असते, तर त्याच्याबरोबर आणखी दहा मुलांच्या डोक्यात उजेड पडला असता. पण ते बोलले जाणार कसे? वहीत तर स्वच्छ पाच षष्ठांश लिहिलेले आहे.

दुसरे उदाहरण ऋण संख्यांचे. "वजा वजा अधिक" हा मंत्र घरोघरी पाठ आहे. तो गुणाकाराचा आहे, एवढे सांगायला मंत्र देणारा विसरतो. मग मूल −३ −४ याचे उत्तर अधिक ७ असे लिहिते. तीन रुपये देणे होते, आणखी चार रुपये उसने घेतले, आणि हा गडी सात रुपयांचा सावकार झाला! तिसरे उदाहरण दशांश अपूर्णांकांचे. ०.३५ मोठा की ०.५? पुष्कळ मुले पहिल्यावर बोट ठेवतात, कारण पस्तीस पाचांपेक्षा मोठे असतात, हे त्यांना पहिलीपासून शिकवलेले आहे. आपण "शून्य पूर्णांक पस्तीस" असे घाईघाईने वाचतो आणि त्या समजुतीला खतपाणीच घालतो. पाच दशांश म्हणजे पन्नास शतांश, हे त्याने स्वतःच्या हाताने दहा-दहाचे चौकोन रंगवून पाहिले, की ती समजूत जाते. रबराने ती जात नाही.

या तिन्ही चुका पाहा. तिन्हींच्या मागे विचार आहे. अपुरा आहे, वाट चुकलेला आहे, पण विचार आहे. घरी खोडली जाते ती त्या विचाराची खूण. विचार आत तसाच राहतो. मुलाला घेऊन डॉक्टरांकडे निघालेली आई वाटेत त्याला "तिथे खोकू नकोस हं, डॉक्टरांना काय वाटेल!" असे बजावीत नाही. वहीच्या बाबतीत मात्र आपण रोज रात्री हेच बजावीत असतो.

हे सगळे मी दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याच्या आवेशात लिहीत नाही. मी पुष्कळ वर्षे सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवले आहे आणि हे पाप माझ्याच हातून घडलेले आहे. एका मुलीची वही फार देखणी असे. समास आखलेला, उदाहरणाचा क्रमांक चौकटीत, उत्तराखाली दुहेरी रेघ. ती मी वर्गाला उंच धरून दाखवीत असे. "वही असावी तर अशी!" आठवड्यामागून आठवडे मी तिच्यावर लाल शाईने बरोबरच्या खुणा केल्या. आठवीच्या सहामाहीत तिच्या उत्तरपत्रिकेची चार पाने कोरी आली. मी तिला बोलावून चांगलाच रागावलो. "घरी सगळे येते, मग इथे का येत नाही?" ती बराच वेळ खाली मान घालून उभी होती. मग म्हणाली, "सर, घरी दादा सांगतो." केव्हापासून सांगतो म्हणून विचारले, तेव्हा कळले की सहावीच्या अपूर्णांकांपासून. दोन वर्षे मी तिच्या भावाची वही तपासत होतो!

त्या दिवशी मी तिच्यावर ओरडलो, याची आजही मला शरम वाटते. दोष तिचा नव्हता आणि बहिणीला मदत करणाऱ्या त्या मुलाचाही नव्हता. बिनचूक वही म्हणजे हुशार मूल, असा जो बाजार मी वर्गात मांडला होता, त्यात तिने आपली चूक आणायची तरी कुठे?

तेव्हा फोन नव्हते. म्हणून हा रोग फोनने आणला असे मी म्हणणार नाही. फोनने तो सार्वत्रिक केला, रोजचा केला आणि त्याला शिस्तीचे रूप दिले. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि घर हाच वर्ग झाला. त्या काळात शिक्षकांनी फोनवरून धडे पाठवले, पालकांनी ते उतरवून घेतले, म्हणूनच कितीतरी मुलांचा शाळेशी धागा टिकला. त्याबद्दल दोघांचेही ऋण मानले पाहिजे. पण पुढे शाळा उघडल्या, बाके भरली, घंटा वाजू लागली, आणि तो निरोप मात्र घरीच मुक्कामाला राहिला. पूर्वी गृहपाठ मूल आपल्या हाताने रोजनिशीत लिहून आणी. विसरले तर शेजारच्या घरी विचारायला जाई. लक्षात ठेवणे, लिहून घेणे, विचारणे हाही शिक्षणाचाच भाग होता. आता निरोप मुलाच्या डोक्यावरून थेट आईच्या हातात पडतो. मुलाला आपला गृहपाठ काय आहे हे आईकडून कळते, यापरता उलटा व्यवहार तो कोणता?

याची दुसरी बाजू अधिक कडू आहे. त्याच वर्गात एक मुलगा असा असतो की ज्याच्या घरी फोन एकच आणि तो वडिलांबरोबर रात्रपाळीला गेलेला. एक मुलगी अशी असते की जिची आई चार घरची भांडी घासून आठला येते. ती निरोप वाचते, हात जोडलेले चित्रही पाठवते, पण लसावि म्हणजे काय हे तिने कधी ऐकलेले नसते. "पालकांनी लक्ष द्यावे" हे वाक्य लिहिताना बाईंच्या मनात यांपैकी कोणी नसते. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर बापाच्या मुलाच्या वहीत बारा बरोबर, आणि या मुलीच्या वहीत चार बरोबर, आठ चूक. शेरा कोणाला मिळणार हे सांगायला नको. खरे पाहता वर्गात प्रामाणिक वही ती एकच होती. आपण गृहपाठ तपासतो असे म्हणतो आणि तपासतो ते घर.

बरे, ज्या घरांत मदत मिळते तिथे तरी तिचा उपयोग होतो का? नॅन्सी हिल आणि डायना टायसन या दोन संशोधक बाईंनी २००९ साली याच वयाच्या मुलांविषयीचे अमेरिकेतील पन्नास अभ्यास एकत्र करून तपासले. पालक मुलांच्या शिक्षणात निरनिराळ्या प्रकारे भाग घेतात. शिकण्याचे मोल मुलाला पटवून देणे, पुढच्या आयुष्याविषयी त्याच्याशी बोलणे, या गोष्टींचा यशाशी चांगला संबंध दिसला. गृहपाठात मदत करणे या एका प्रकाराचा मात्र तसा संबंध दिसला नाही. मुळात मागे पडलेल्या मुलालाच घरी जास्त मदत होते, हे त्यामागचे एक कारण असू शकेल, हे मला कबूल आहे. पण ज्या कामासाठी आपण चकल्या करपू देतो, त्याचे फळ इतके संशयास्पद असावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी नक्कीच आहे.

सरकारने याबाबत काही म्हटले नाही असेही नाही. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्येच सांगून ठेवले की दप्तराच्या वजनापेक्षा न कळण्याचे ओझे अधिक घातक आहे. २०२० च्या दप्तरविषयक धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको, आणि सहावी ते आठवीला सगळ्या विषयांचा मिळून रोज फार तर एक तास, अशी मर्यादा घातलेली आहे. सगळ्या विषयांचा मिळून! एकट्या गणिताची बारा उदाहरणे हा तास कुठल्या कुठे गिळून टाकतात. पण माझा भर वेळेवर नाही, यशपालांच्या शब्दावर आहे. न कळण्याचे ओझे तागडीत घालता येत नाही. ते चुकीत दिसते. चूक पुसली, की ओझे दिसेनासे होते. हलके होत नाही. ते मुलाबरोबर सहावीतून सातवीत, सातवीतून आठवीत चढत जाते. ग्रामीण भागातील मुलांची जी 'असर' पाहणी होते, तिच्या २०२४ च्या अहवालात आठवीतल्या निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. हा भागाकार प्राथमिक शाळेतला आहे. इतक्या वर्षांत त्या मुलांच्या वह्यांवर शेकडो लाल खुणा झाल्या असतील. एवढी चूक मग त्यांतून निसटली कशी?

आता आक्षेप. पहिला आक्षेप आजोबांचा. "आमच्या वेळी असले लाड नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी रोज म्हणावी लागे. चुकले की छडी." आजोबा, पाढ्यांचा मी शत्रू नाही. सवायकी ज्याच्या जिभेवर होती त्याला सव्वापटीचा हिशेब कागदाशिवाय येत असे, हे खरेच आहे. पण ध्यानात घ्या, ते पाढे मोठ्याने म्हटले जात आणि चुकलेला शब्द तिथल्या तिथे गुरुजींच्या कानावर पडत असे. तुमची पद्धत चालली ती छडीमुळे नव्हे, या कानामुळे. छडीने केले ते एवढेच, की मुले चूक लपवायला शिकली. तेव्हा चूक भीतीने लपत असे, आता ती मायेने लपवली जाते. लपते ती लपतेच.

दुसरा आक्षेप आईबापांचा. "मग आम्ही काहीच पाहायचे नाही का? उद्या नापास झाला म्हणजे?" पाहा की! पण पाहणे आणि करणे यांत फरक आहे. सायकल शिकवणारा बाप मागे धावतो, तो सायकलवर बसत नाही. मुलगा अडला तर "तू कुठपर्यंत आलास ते मला सांग" एवढेच विचारावे. सांगता सांगता निम्म्या वेळा त्याचे त्यालाच सापडते. नाही सापडले, तर त्या उदाहरणासमोर त्याच्याच हाताने लिहू द्यावे: "इथपर्यंत आले, पुढे येत नाही." माझ्या दृष्टीने हे वाक्य बारा बरोबर उत्तरांहून अधिक गणिती आहे.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो सर्वांत खरा. एकेका वर्गात पन्नास-साठ मुले, अभ्यासक्रम संपवण्याची घाई, शिवाय निवडणुकांची कामे, नाना तक्ते आणि माहित्या भरून पाठवणे. चुका न्याहाळत बसायला वेळ कुठे? मी या धबडग्यातून गेलो आहे. तो मला ठाऊक आहे. पण साठ वह्यांतली बारा-बारा उदाहरणे म्हणजे सातशे वीस उदाहरणे. त्यांवर डोळे मिटून खुणा करण्यापेक्षा तीन उदाहरणे द्यावीत, रोज दहाच वह्या नीट वाचाव्यात, आणि त्यांत सापडलेली एक चूक, नाव न घेता, दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहून वर्गाला विचारावे: "हे असे कोणाला का वाटले असेल?" वेळ कमीच लागेल. आणि वर्षाच्या शेवटी कोणता धडा मुलांच्या गळी उतरला नाही, हे परीक्षेची वाट न पाहता कळलेले असेल.

आपल्याकडे गणितावर कधी चर्चाच होत नाही असे नाही. २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या पुस्तकात बाहत्तर ही संख्या 'सत्तर दोन' अशी वाचण्याची रीत आली आणि महाराष्ट्र पेटून उठला. विनोद झाले, अग्रलेख झाले, विषय विधानसभेपर्यंत गेला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की बाहत्तर म्हणताना दोन आधी येतात आणि लिहिताना सात आधी येतात, त्यामुळे लहान मुलांचा गोंधळ होतो. त्यांचा उपाय कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. मलाही 'बाहत्तर' सोडवत नाही. पण त्या गदारोळात मूल कुठे चुकते आणि का चुकते, या प्रश्नापासून त्यांनी सुरुवात केली होती. आपण सुरुवात केली ती आपल्या अभिमानापासून. नारळीकरबाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांचा तो प्रश्न आपण उचललेला नाही.

गृहपाठ कसा असावा याचा नमुना शोधायलाही फार लांब जावे लागत नाही. नाशिकजवळ देवळालीला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी तिथल्या शाळेत शिकवले, आणि आकड्यांशी खेळता खेळता जगाच्या गणितात आपले नाव ठेवून गेले. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येची गंमत मांडली. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिच्या अंकांपासून सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या करा, मोठीतून लहान वजा करा, आणि येणाऱ्या उत्तराचे पुन्हा तेच करा. उदाहरणार्थ १९४७ घ्या. ९७४१ मधून १४७९ गेले, ८२६२ राहिले. ८६२२ मधून २२६८ गेले, ६३५४. मग ६५४३ मधून ३४५६ गेले, ३०८७. शून्यालाही त्याची जागा देऊन ८७३० मधून ०३७८ वजा केले, ८३५२. आणि ८५३२ मधून २३५८ गेले, की ६१७४! यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहते. कोणत्याही संख्येने सुरुवात करा. फार तर सात पायऱ्यांत तिथेच पोचाल.

हा गृहपाठ एका ओळीत सांगता येतो. तो करताना मूल हातच्याच्या पाच-सात वजाबाक्या आपखुशीने करते. प्रत्येकाची संख्या निराळी, म्हणून कोणाच्या पानाचा फोटो कोणाच्या कामाचा नाही. आणि सर्वांत मोठा गुण असा, की सात पायऱ्यांत ६१७४ आले नाही, तर मुलाला कोणी न सांगता कळते की कुठेतरी हातचा चुकला आहे. मग ते आपली चूक आपणच शोधायला बसते. आई कढईपाशी, बाप वर्तमानपत्रात, आणि मूल स्वतःच्या चुकीच्या मागावर! देवळालीच्या मास्तरांनी दिलेला हा खेळ या सुट्टीत घरातल्या सगळ्यांनी खेळून पाहावा. आजोबांनीही.

तेव्हा माझे मागणे थोडे आहे. शाळांनी रोजचा गृहपाठाचा निरोप बंद करावा आणि गृहपाठ मुलाच्या हाताने लिहून पाठवावा. पालकांना आठवड्यातून एकदा, शनिवारी, एवढेच कळवावे की या आठवड्यात मुले काय शिकली आणि कुठे अडली. उदाहरणे तीन असावीत आणि वहीत खोडरबर चालू नये. चुकले तर एक आडवी रेघ मारावी आणि खाली पुन्हा करावे. वहीच्या देखणेपणाला गुण नसावेत. आणि आईबापांनी आपले बहुवचन मागे घ्यावे.

आडव्या रेघेचे सांगितले, ते काही माझ्या पदरचे नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी आपल्या वहीची पूजा करतो. त्या वहीचा धर्मच असा, की तिच्यात खरवडायचे नसते. आकडा चुकला तर त्यावर रेघ ओढायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी दुरुस्ती लिहायची. खरवडलेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवीत नाही. तिथे काहीतरी लपवले आहे असे धरून चालतात. पैशाच्या हिशेबात ज्याला आपण लबाडी म्हणतो, त्याला मुलाच्या हिशेबात टापटीप म्हणतो.

यंदा लक्ष्मीपूजनाला पाटावर एखादी वही ठेवणार असाल, तर मुलाची गणिताची पक्की वही ठेवू नका. ती बहुधा तुमचीच असेल. दप्तराच्या तळाशी एक कच्ची वही असते. कोपरे दुमडलेले, शाई फुटलेली, मागल्या पानावर फुली-गोळा खेळलेला. तिच्यात कुठेतरी एक अर्धवट सोडलेली बेरीज असेल, १/२ आणि १/३ ची. तिला हळदकुंकू लावा आणि सुट्टी संपली की ती तशीच, न पुसता, शाळेत पाठवा.